बंधारा बांधायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही

प्रश्न असा आहे: बांगलादेशसारख्या गरीब आणि वादळाच्या तोंडावर बसलेल्या देशाने कार्बन कमी करण्यावर पैसा खर्च करावा, की बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यावर? आणि बाहेरून एवढा निधी येतो म्हणतात, तरी तिथली गावं पुन्हा पुन्हा पाण्याखाली का जातात?

मी उत्तर किनाऱ्याच्या बाजूने देतो, कारण माझं काम तिथलं. आधी कोकणातली खारभूमी, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून राखलेली जमीन, आणि नंतर बरीच वर्षं बांगलादेशातल्या खुलना आणि सातखिरा जिल्ह्यांतले बांध. पहिला प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. जगाच्या उत्सर्जनात ज्या देशाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, त्याने उद्या सगळ्या गिरण्या बंद केल्या तरी बंगालचा उपसागर वर चढायचा थांबणार नाही. तेव्हा जुळवून घेणं आधी. कार्बनकडे वळायची कारणं वेगळी आहेत, ती पुढे सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र किती पैसा आला यात सापडत नाही, तो कशासाठी आला यात सापडतं. नवं बांधायला पैसा मिळतो. बांधलेलं राखायला मिळत नाही. आणि जिथे राखण गावाच्या हातात राहिली, तिथेच धोरण टिकलेलं मी पाहिलं आहे.

जे जमलं ते आधी. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेट आणि आसपासच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. त्यात तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. वादळ येत असल्याचं हवामान खात्याला कळलं होतं, पण इशारा वस्त्यांपर्यंत नीट पोहोचला नाही. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर लगेच, १९७२-७३ मध्ये, सरकार आणि रेड क्रॉसने मिळून चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभा केला. त्याचा गाभा अगदी साधा: त्याच गावातले स्वयंसेवक, त्यांच्या हातात झेंडे, भोंगा आणि रेडिओ. एक झेंडा लागला की सावध व्हायचं, तीन लागले की घर सोडायचं. आज असे ७६ हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत, वीस-वीस जणांच्या तुकड्यांत, आणि त्यात निम्म्या स्त्रिया.

स्त्रियांचा हा निम्मा वाटा फार महागात शिकलेला धडा आहे. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक मेले. तेव्हा इशारा बऱ्याच ठिकाणी पोहोचला होता. तरीही मेलेल्यांत बायका आणि मुलं पुरुषांहून खूप जास्त होती. नवरा घरी नसताना घर कसं सोडायचं, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र कशी काढायची, गाय कुठे ठेवायची, ही त्यामागची कारणं. यातलं एकही कारण उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. पुढे निवारे बदलले. बायकांसाठी वेगळी खोली आणि वेगळं शौचालय आलं, जनावरांसाठी मातीचे उंच ढिगारे (तिथे त्यांना 'किल्ला' म्हणतात) आणि उतार आले, निरोप घेऊन दारात बाई जाऊ लागली. आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे बहुतेक निवारे प्राथमिक शाळा म्हणून बांधले गेले. शाळा रोज भरते, त्यामुळे इमारत रोज कोणाच्या तरी नजरेखाली राहते. छप्पर गळलं की मास्तर तक्रार करतो, हापशी बिघडली की पोरं घरी सांगतात. २००७ च्या सिद्र वादळात सुमारे ३,४०० माणसं गेली. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा ऐन कोरोनाच्या काळात २४ लाख लोक हलवले गेले आणि बांगलादेशातल्या मृत्यूंची संख्या काही डझनांच्या आत राहिली. वादळाची ताकद, त्याचा मार्ग, भरतीची वेळ हे सगळं दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करू नये. पण पन्नास वर्षांची दिशा स्पष्ट आहे, आणि ती हवामान परिषदांचा निधी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

आता बांधांकडे येतो. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण खरी गुंतागुंत इथे आहे.

गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश गाळाने बनलेला आहे. वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ या नद्या खाली आणतात. नैऋत्येकडच्या खाड्यांत दिवसातून दोनदा भरती चढते, गाळ पसरते आणि उतरते. जुन्या काळी शेतकरी दरवर्षी मातीचे बुटके बांध घालत, त्यांना अष्टमासी बांध म्हणत. आठ महिने खारं पाणी अडवायचं, भात काढायचं, मग बांध मोडून पाणी आणि गाळ आत घ्यायचा. जमीन दरवर्षी थोडी वर येत राहायची. १९६० च्या दशकात, पूर्व पाकिस्तान असताना, परदेशी मदतीने कायमस्वरूपी बांध घातले गेले. आजच्या मोजणीप्रमाणे असे १३९ पोल्डर आहेत, म्हणजे चहूबाजूंनी बांध घालून वेढलेले जमिनीचे तुकडे. पहिली काही वर्षं पीक भरघोस आलं. मग बांधाबाहेरचा गाळ शेतात जायचा थांबला आणि नदीच्या पात्रातच बसू लागला. आतली जमीन उपाशी राहिली आणि दबत गेली. दोन पिढ्यांत चित्र उलटं झालं. नदीचं पात्र वर आणि शेत खाली. पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधातलं दार, म्हणजे स्लुइस गेट, उघडावं तर गेटच्या तोंडाशी गाळ. जसोर जिल्ह्यातल्या भवदहच्या गेटभोवती अशी गावं आहेत, जिथे पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी हिवाळा सरला तरी अंगणात उभं असतं. समुद्राची पातळी वाढते आहे हे खरंच आहे, पण या भागातलं साचलेलं पाणी मुख्यतः आपल्याच बांधांनी दिलेलं आहे. हवामान बदलाच्या नावाखाली ही गोष्ट झाकली गेली की उपायही चुकीचा निघतो.

लोकांना हे अभियंत्यांच्या आधी कळलं होतं. १९९० मध्ये बिल डाकातियाच्या लोकांनी सरकारी बांध स्वतः कापला. १९९७ मध्ये बिल भायना इथे पुन्हा तेच झालं. (बिल म्हणजे मधला खोलगट, पाणथळ भाग.) भरती आत आली, गाळ बसला, ओहोटीच्या जोराने नदी धुतली गेली. चारेक वर्षांत कापाजवळची जमीन मीटरभर किंवा त्याहूनही वर आली आणि हरी नदी पुन्हा खोल झाली. ज्यांच्यावर गुन्हा नोंदवायचा विचार होता, त्यांचीच युक्ती नंतर सरकारी धोरणात 'भरती-ओहोटीने नदी व्यवस्थापन' म्हणून दाखल झाली. एका वेळी एक बिल काही वर्षं उघडायचं, मग ते बंद करून दुसरं उघडायचं, असं चक्र. तांत्रिकदृष्ट्या मला आजही याहून चांगला उपाय ठाऊक नाही. समुद्र चढतो आहे तर जमीनही चढू दे, आणि त्यासाठी लागणारा माल नदी स्वतः फुकट आणून देते.

मग हे सगळीकडे का झालं नाही? कारण चार-पाच वर्षं ज्यांचं शेत पाण्याखाली जातं, त्यांनी खायचं काय, हे नीट ठरलंच नाही. पूर्व बिल खुकशियामध्ये भरपाई जाहीर झाली. ती मिळवायला जमिनीचे कागद हवेत. कागदावर आजोबांचं नाव, प्रत्यक्षात अकरा वारस, त्यातले दोन ढाक्याला, फेरफार झालेलाच नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला गेलेल्या कोणत्याही मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. वाट्याने कसणारा बरगादार आणि भूमिहीन मजूर तर यादीतच नव्हते. पुढच्या बिलाच्या लोकांनी हे पाहिलं होतं. २०१२ मध्ये बिल कपालिया उघडायची वेळ आली तेव्हा तिथे हिंसक विरोध झाला आणि काम थांबलं. नदी पुन्हा गाळाने भरत गेली. त्या भागातल्या बैठकांत मला कोणी गाळाच्या शास्त्रावर वाद घालताना दिसलं नाही. प्रश्न एकच असायचा: पैसे पाणी येण्याआधी मिळतील की नंतर?

२५ मे २००९ ला आयला वादळ आलं. दाकोप उपजिल्ह्यातला ३२ क्रमांकाचा पोल्डर फुटला आणि जवळपास दोन वर्षं उघडा राहिला. हजारो कुटुंबं त्याच बांधाच्या माथ्यावर झोपड्या घालून राहिली. नंतर मोजणी झाली तेव्हा आतली जमीन बाहेरच्या नैसर्गिक जमिनीपेक्षा मीटर ते दीड मीटर खाली गेलेली आढळली. आणि उघडं असलेल्या त्या काळात आत जो गाळ बसला, तो कित्येक वर्षांची भरपाई करणारा होता. म्हणजे आपत्तीनेच तो प्रयोग करून दाखवला. २०१३ मध्ये जागतिक बँकेच्या सुमारे ४० कोटी डॉलरच्या प्रकल्पातून निवडक पोल्डरांचे बांध उंच आणि रुंद करायचं काम मंजूर झालं. ते गरजेचं होतं. फुटक्या बांधाखाली राहणाऱ्या माणसाला मी गाळाचं तत्त्वज्ञान ऐकवणार नाही. पण बांध उंच झाला म्हणून आतली जमीन वर येत नाही. आणि मातीचा बांध दर पावसाळ्याआधी पाहावा लागतो. उंदरांची बिळं, ढासळलेली बाजू, कोळंबीवाल्यांनी खारं पाणी घ्यायला घातलेले पाइप. हे काम लहान, स्वस्त आणि कायमचं आहे. त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्याला पैसा मिळत नाही.

कोळंबीचं नाव निघालं तर तेही सांगायला हवं. १९८० नंतर निर्यातीसाठी बागदा कोळंबीची घेरं, म्हणजे खाऱ्या पाण्याची बांधलेली तळी, वाढली. जो बांध खारं पाणी बाहेर ठेवायला घातला, त्याच बांधाला भोक पाडून खारं पाणी आत घेतलं जाऊ लागलं. गेट कधी उघडायचं हे गावातला सगळ्यांत ताकदवान माणूस ठरवू लागला. भातशेती गेली, गुरं गेली, गोड्या पाण्याची तळी गेली, आणि मजुरीही गेली, कारण कोळंबीला भाताइतके हात लागत नाहीत. २२ क्रमांकाच्या पोल्डरमधल्या भूमिहीन बायका-पुरुषांनी याला विरोध केला. ७ नोव्हेंबर १९९० ला हरिणखोला इथे त्यांच्या मोर्चात करुणामयी सरदार यांना ठार मारण्यात आलं. तो पोल्डर पुढेही कोळंबीमुक्त राहिला. शेजारच्या पोल्डरातून तिथे गेलं की हिरवळीचा फरक डोळ्यांना दिसतो. दोन्हीकडे समुद्र तोच, वादळं तीच. एका ठिकाणी जमीन खारावली आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, याचं कारण गेट कोणाच्या हातात होतं हेच. हवामान धोरणाच्या दस्तऐवजांत खारटपणा हा निसर्गाचा परिणाम म्हणून मांडलेला असतो. ते निम्मंच सत्य आहे.

कोकणाशी याचा संबंध ओढून-ताणून आणलेला नाही. पेण-अलिबागच्या खारबंदिस्तीत पूर्वी बांधाला खांड पडली की गावकरी स्वतः उतरत, उघाड्यांची (पाणी सोडायच्या दारांची) राखण ठरलेली असे. कूळकायद्यानंतर राखायचं कोणी यावर घोळ झाला, १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने जबाबदारी शासनाकडे गेली, आणि आज उधाणाला बांध फुटला की निविदा निघेपर्यंत शेतात खारं पाणी राहतं. मग त्यात कांदळवन उगवतं आणि शेतकऱ्याला ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणताही येत नाही, कारण कांदळवन संरक्षित आहे. दोन देश, दोन कायदे, आणि अडचण अक्षरशः तीच.

आता पैशाबद्दल. बांगलादेशने वाट पाहत बसायचं नाकारलं, याचा मला मनापासून आदर आहे. २००९ मध्ये त्यांनी स्वतःचा हवामान बदल आराखडा केला आणि स्वतःच्या अर्थसंकल्पातून निधी काढला, पहिली तीन वर्षं दरसाल ७०० कोटी टका. श्रीमंत देश अजून परिषदांत शब्द मोजत होते तेव्हाची ही गोष्ट. त्यातही चुका झाल्या. प्रकल्प वाटताना राजकीय वजन चाललं, आणि ठेव म्हणून ठेवलेल्या रकमेचा मोठा भाग एका डबघाईला आलेल्या खासगी बँकेत अडकला. याच्या शेजारी देणगीदार देशांनी जागतिक बँकेच्या देखरेखीखाली एक वेगळा निधी उभारला होता. पैशावर ताबा कोणाचा यावरून तो कायम वादात राहिला आणि काही वर्षांत गुंडाळला गेला. त्यानंतर २०१८ मध्ये 'डेल्टा प्लॅन २१००' आला, डच मदतीने. त्यात एक वाक्य आहे जे मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो: दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २.५ टक्के खर्च करावा, आणि त्यातला ०.५ टक्का निव्वळ देखभाल-दुरुस्तीसाठी असावा. प्रत्यक्ष खर्च याच्या जवळपासही जात नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अनुकूलन (म्हणजे हवामानाशी जुळवून घेण्याच्या) आराखड्यात २०५० पर्यंत २३,००० कोटी डॉलर लागतील असा हिशोब आहे.

हे येणार कुठून? २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०,००० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, दोन वर्षं उशिरा. त्यात अनुकूलनाचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता, आणि सरकारी पैशातला दोन तृतीयांशांहून जास्त भाग कर्जाच्या रूपात होता. ही गोष्ट मला साधी चीड आणते. ज्याने धूर सोडला नाही त्याने बांध घालायला कर्ज काढायचं आणि ते व्याजासकट फेडायचं. सौरऊर्जेचं कर्ज विजेच्या बिलातून फिटू शकतं. बांधाने वाचवलेल्या गावातून हप्ता कुठून येणार? म्हणून माझं मत ठाम आहे की अनुकूलनाचा पैसा अनुदानच असायला हवा. २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत हानी आणि नुकसानीचा निधी, म्हणजे हवामान बदलाने झालेल्या नुकसानीसाठी गरीब देशांना मदत देणारा निधी, मान्य झाला. त्यामागे सलीमुल हक यांच्यासारख्या बांगलादेशी अभ्यासकांची अनेक वर्षांची चिकाटी होती. त्या निधीचं काम मार्गी लागायच्या आधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ते गेले. सुरुवातीची वचनं काही दशकोटी डॉलरची आहेत. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत ठरलेलं नवं उद्दिष्ट २०३५ पर्यंत वर्षाला ३०,००० कोटी डॉलरचं आहे, पण त्यात अनुदान किती आणि कर्ज किती हे बांधून घेतलेलं नाही.

कार्बनच्या बाजूने थोडंच बोलतो. २००३ पासून इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने घरगुती सौरसंच हप्त्यांवर दिले. २०१८ पर्यंत ४१ लाख संच बसले आणि सुमारे दोन कोटी माणसांच्या घरात दिवा लागला. घेणाऱ्याने थोडे पैसे आधी भरायचे, बाकी हप्त्याने, आणि वसुलीला येणारा माणूसच बॅटरी तपासायचा. राखण हप्त्यातच गुंतलेली होती, म्हणून ते चाललं. ग्रीडची वीज गावोगाव पोहोचल्यावर हप्ते थांबले, तपासणारा यायचा थांबला आणि कितीतरी संच छपरावर निकामी पडले. मोठ्या विजेच्या बाबतीत २०२१ मध्ये सरकारने दहा कोळसा प्रकल्प रद्द केले, हे चांगलं झालं. सुंदरबनच्या काठाजवळचा रामपालचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प मात्र झाला, आणि त्यात आपली सरकारी वीज कंपनी एनटीपीसी भागीदार आहे. ज्या खारफुटीने सिद्रचा पहिला मार स्वतःवर घेतला, तिच्या शेजारी कोळशाची जहाजं आणणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. कोळशाच्या जागी आयात वायू आला. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे वायूचे भाव भडकले, सरकारला खुल्या बाजारातली खरेदी थांबवावी लागली आणि देश अंधारात बसला. सौरऊर्जेकडे वळायचं सबळ कारण हे आहे: परकीय चलन वाचतं, डिझेल पंपावर बोरो (कोरड्या हंगामातला) भात घेणाऱ्या शेतकऱ्याचा खर्च कमी होतो. त्यांनी २०३० पर्यंत स्वबळावर ६.७३ टक्के आणि मदत मिळाल्यास आणखी १५.१२ टक्के उत्सर्जन कमी करायचं कबूल केलं आहे. ते त्यांनी पाळावं, पण स्वतःच्या आयात बिलासाठी.

तुम्ही या विषयावर अभ्यास करणार असाल तर प्रकल्पाच्या कागदांत पहिल्यांदा अंदाजपत्रक उघडा आणि शेवटच्या वर्षानंतरची ओळ शोधा. बहुतेक वेळा तिथे 'स्थानिक समुदाय जबाबदारी घेईल' एवढंच असतं. पिण्याचं पाणी गाळायच्या तळ्याकाठच्या वाळूच्या गाळण्या अशाच बंद पडलेल्या मी गावोगाव पाहिल्या, कारण वाळू धुवायचं काम आधीच पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईवर फुकट टाकलं होतं. जिथे गाळणी राखणाऱ्या बायकांच्या गटाला दरमहा ठरलेले पैसे मिळाले, तिथे ती चालू राहिली. माझ्या हातात असतं तर तीन गोष्टी मागितल्या असत्या. प्रत्येक बांध-प्रकल्पाच्या रकमेतला एक हिस्सा वेगळ्या ठेवीत ठेवावा आणि त्याच्या व्याजातून पोल्डरच्या पाणी समितीला दरवर्षी दुरुस्तीचे पैसे मिळावेत. बिल उघडताना जमिनीची भरपाई एकदाच न देता भाड्यासारखी दरवर्षी, पाणी आत येण्याआधी द्यावी, आणि कागद नसलेल्या बरगादाराला गावसभेच्या साक्षीवर मोजावं. तिसरी मागणी गेटच्या किल्लीची. ती चेअरमनच्या घरी न राहता समितीकडे असावी, आणि समितीत भूमिहीनांची मतं निम्म्याहून कमी नसावीत. यातली पहिली पैशाने होईल. उरलेल्या दोन ढाक्यात आणि उपजिल्ह्यात भांडून मिळवाव्या लागतील. कोणत्याही आंतरराष्ट्रीय निधीकडून त्या मिळणार नाहीत.